शीतगृह हवे, पण पैसा कोणाचा आणि हिशेब कोणाचा?

उसाची तोड झाली की मोळी फडात रखडू द्यायची नाही, हे आपल्यापैकी कोणाला शिकवायला नको. गाडी वेळेवर लागली नाही किंवा काट्यावर रांग लागली की वजन घटते, उताराही बसतो. म्हणून तर तोडणी, वाहतूक आणि गाळप यांची सांगड घालण्यासाठी शेतकी खाते हंगामभर धावपळ करते. भाजीपाल्याचे तसेच आहे, किंबहुना त्याहून नाजूक आहे. ऊस एखादा दिवस कळ काढतो. मेथी-कोथिंबीर उन्हात दोन तास कळ काढत नाही.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत भाजीपाल्याचा लेख कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर सोपे आहे. आपल्या सभासदांपैकी कितीतरी जणांकडे ऊस एकर-दीड एकर, आणि उरलेल्या रानात टोमॅटो, फ्लॉवर, सिमला मिरची, भेंडी, कांदा अशी पिके असतात. उसाचे बिल वर्षातून ठरलेल्या वेळी येते. घरखर्च, मजुरी, पोरांची फी हे सगळे भाजीच्या पट्टीवर चालते. दिंडोरी, निफाड, सिन्नर, चांदवड या पट्ट्यातल्या घराघरांत हेच चित्र आहे. तेव्हा भाजीची पट्टी बुडाली म्हणजे आपल्याच सभासदाचे घर बुडाले.

गेल्या काही महिन्यांत शेतकी खात्यात येणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न वारंवार येतो. "साहेब, कोल्ड स्टोरेजला सरकारी अनुदान आहे म्हणे. आपण चौघं-पाच जण मिळून एक बांधून टाकू का?" प्रश्न चांगला आहे. पण "बांधून टाकू" या शब्दाची आम्हाला थोडी धास्ती वाटते. शीतगृह ही विहीर नव्हे, की एकदा पाणी लागले म्हणजे झाले. ते रोज वीज खाते, रोज माणूस मागते, आणि रिकामे असले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून हा विषय मुळापासून मांडावा असे ठरविले.

गारवा दिवस देतो, महिने देत नाही

आधी एक गैरसमज दूर करू. २०२३ सालचा मे महिना आठवा. आपल्या जिल्ह्यात टोमॅटोला तोडणीचा खर्चही सुटेना, तेव्हा शेतकऱ्यांनी भरलेली कॅरेट रस्त्यावर ओतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, शहरात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला. तेव्हा पारावर बसलेला प्रत्येक जण म्हणत होता, "मेमधला माल कोल्ड स्टोरेजला ठेवला असता तर आज लखपती झालो असतो."

नसतो झालो. टोमॅटो कितीही चांगल्या शीतगृहात ठेवला तरी मेचा माल जुलैपर्यंत जात नाही. नुकता रंग धरू लागलेला टोमॅटो १० ते १३ अंश सेल्सिअसला दोन, फार तर तीन आठवडे टिकतो. पूर्ण पिकलेला आठ-दहा दिवस. त्याहून जास्त थंडी दिली तर तो टिकत नाही, उलट बिघडतो. रंग नीट येत नाही, चव जाते, बाहेर काढल्यावर डाग पडून सडतो. फळाला थंडी बाधते ती अशी.

मग शीतगृहाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि मोठा आहे, पण तो निराळा आहे. आज पिंपळगाव बसवंतच्या बाजारात आवक दुप्पट झाली, भाव पडला, तर चार दिवस माल धरता येतो. रात्री कसारा घाटात वाहतूक अडकली आणि वाशीच्या बाजाराची पहाट चुकली, तर माल उकडून जात नाही. एका घराचे वीस कॅरेट आज, दुसऱ्या घराचे तीस उद्या, असे जमवून एक भरलेली गाडी लांबच्या बाजाराला पाठवता येते. ठरलेल्या मालाचा ठरलेल्या दिवशी पुरवठा करण्याचा करार मोठ्या खरेदीदाराशी करता येतो. म्हणजे व्यापाऱ्यासमोर "आजच घ्या, नाहीतर फेकावा लागेल" अशी जी आपली गत असते, ती सुटते. लहान शेतकऱ्याच्या पदरात पडणारा फायदा हा एवढाच आहे, आणि एवढा असला तरी पुरेसा आहे.

माल तितक्या तऱ्हा

दुसरी गोष्ट. "भाजीपाल्याचे शीतगृह" अशी एकच वस्तू नसते. फ्लॉवर, कोबी, गाजर, मेथी, कोथिंबीर यांना शून्य अंशाच्या आसपासचा आणि भरपूर दमट गारवा लागतो. भेंडी आणि सिमला मिरची यांना ७ ते १० अंश. काकडीला १० ते १२, टोमॅटोला १० ते १३. द्राक्षाला पुन्हा शून्याच्या जवळ. एकाच खोलीत भेंडी आणि फ्लॉवर ठेवले, तर दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेलेच. शिवाय पिकणारा टोमॅटो, केळी, आंबा यांच्यातून एक वायू सुटतो, त्याला इथिलीन म्हणतात. त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते आणि काकडी लवकर म्हातारी होते.

आपल्या देशातली बहुतेक जुनी शीतगृहे बटाट्यासाठी बांधलेली आहेत. उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, गुजरात या भागांत ती जास्त आहेत. बटाटा एकदा भरला की कित्येक महिने कुलूप लावून ठेवता येतो. तिथला नकाशा उचलून इथे टोमॅटोला आणला तर फसगत होते. आपल्या कामाला एका प्रचंड खोलीपेक्षा दोन-तीन लहान खोल्या बऱ्या, प्रत्येकीचे तापमान निराळे ठेवता येईल अशा.

आणि खोलीच्याही आधी येते ते पूर्वशीतकरण, म्हणजे प्री-कूलिंग. दुपारी तोडलेल्या मालात रानाची उष्णता भरलेली असते. तो तसाच थंड खोलीत रचला तर मधली कॅरेट दोन-दोन दिवस गरमच राहतात. पूर्वशीतकरणात थंड हवा मालातून जोराने खेचून ती उष्णता काही तासांत काढतात. द्राक्ष बागाईतदारांना हे पाठ आहे. निर्यातीचा माल तोडल्यापासून चार-सहा तासांत गार झाला पाहिजे, हा त्यांचा दंडक. भाजीवाल्यांनी तो अजून अंगी बाणवलेला नाही.

कांद्याची गोष्ट निराळी

नाशिक म्हटले की कांदा आलाच. उन्हाळी कांदा चार-सहा महिने साठवताना वजनातली घट, सड आणि कोंब मिळून एक चतुर्थांशापासून चाळीस टक्क्यांपर्यंत माल हातचा जातो. पण त्यावर पहिला उपाय शीतगृह नव्हे. कांद्याला कोरडी, खेळती हवा हवी. तळातून आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी सुधारित कांदा चाळ हेच लहान शेतकऱ्याचे खरे साधन, आणि तिलाही अनुदान आहे. कांदा शीतगृहात ठेवायचा झाला तर शून्य ते दोन अंश आणि कोरडेपणा दोन्ही सांभाळावे लागतात. बाहेर काढला की त्याला घाम सुटतो आणि कोंब झपाट्याने येतो. कोंब रोखण्यासाठी लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली विकिरण केंद्र उभे केले. त्या प्रक्रियेने कोंब थांबतो, सड थांबत नाही. तेव्हा ज्याचे मुख्य पीक कांदा आहे त्याने आधी चाळ नीट करावी, शीतगृहाच्या कर्जाचे नाव नंतर काढावे.

पैसा चार खिशांतून येतो

आता मूळ प्रश्न, पैशाचा. अनुदान म्हणजे सरकारने दिलेली आयती रक्कम आणि त्यातून बांधलेले शीतगृह, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात पैसा चार खिशांतून येतो, आणि कोणता खिसा आधी उघडतो हे समजले नाही की घोटाळा होतो.

पहिला खिसा आपला स्वतःचा. बँक कोणतीही असो, प्रकल्पातला काही हिस्सा सभासदांनी आधी उभा करावा लागतो. चौथा हिस्सा धरून चालावे. आधी शिदोरी, मग जेजुरी.

दुसरा खिसा बँकेचा. मुदत कर्ज मिळते ते प्रकल्प अहवाल, जागेचे कागद आणि संस्थेचे हिशेब पाहून.

तिसरा खिसा अनुदानाचा. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या शीतगृहासाठी टनाला ८,००० रुपये खर्च मान्य धरून त्याच्या ३५ टक्के, आणि डोंगरी व अनुसूचित क्षेत्रात ५० टक्के असे सहाय्य ठेवले होते. ३० टनांच्या शीतखोलीसाठी मान्य खर्च १५ लाख आणि सहाय्याचे प्रमाण तेच. पुढे हे दर सुधारले गेले आहेत, तेव्हा आजचा आकडा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडूनच घ्यावा. आपल्या जिल्ह्यातले पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाणमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथल्या मंडळींनी वाढीव प्रमाण आवर्जून विचारावे.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्याव्यात. अनुदान मोजतात ते मान्य खर्चावर, आपण केलेल्या खर्चावर नव्हे. खोलीला वीस लाख लागले तरी हिशेब पंधरा लाखांवरच होतो. आणि हे अनुदान कर्जाशी जोडलेले, मागाहून मिळणारे आहे. काम पुरे झाल्यावर, तपासणी झाल्यावर ते बँकेत वेगळ्या खात्यात जमा होते, तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, आणि शेवटी कर्जाच्या हप्त्यांत ते वळते होते. म्हणजे पाया खणायला अनुदानाचा पैसा हाती येत नाही. अनुदान पहिला हप्ता भरत नाही, शेवटचे हप्ते भरते.

चौथा खिसा व्याजसवलतीचा आणि हमीचा. केंद्र सरकारने २०२० साली एक लाख कोटी रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा निधी जाहीर केला. त्यात दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे ३ टक्के व्याजसवलत आणि त्याच मर्यादेपर्यंत पतहमी अशी तरतूद केली. शेतकरी, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था, आपली गावची विकास सोसायटी हे सगळे त्याला पात्र ठरविले. ही सवलत अनुदानाबरोबरही घेता येते. या निधीतून कर्जवाटपाची मुदत २०२५-२६ पर्यंत आखलेली होती. म्हणून अर्जाआधी बँकेत जाऊन सध्याची स्थिती लेखी विचारून घ्यावी.

हमीबद्दल एक शब्द. पतहमी म्हणजे कर्ज बुडाले तर बँकेच्या नुकसानीचा काही भार दुसऱ्याने उचलणे. ती बँकेची सोय आहे. त्यामुळे जमीन तारण न ठेवता कर्ज मिळण्याचा रस्ता खुला होतो, हे खरे. पण हमी म्हणजे माफी नव्हे. हप्ता आपल्यालाच भरायचा आहे.

एका खोलीचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, आपापल्या ठिकाणी ते बदलून घ्यावेत.

शंभर भाजी उत्पादकांनी मिळून ३० टनांची शीतखोली बांधली, खर्च २० लाख. प्रत्येकाने ५,००० रुपये भाग भांडवल घातले, म्हणजे ५ लाख झाले. बँकेचे कर्ज १५ लाख, व्याज १० टक्के. अनुदान १५ लाखांच्या मान्य खर्चावर ३५ टक्क्यांनी ५ लाख २५ हजार, पण ते मागाहून.

महिन्याचा खर्च बघू. रोजी १०० युनिट वीज आणि युनिटला ८ रुपये धरले तर २४,००० रुपये. एक माणूस १२,००० रुपये. ३ टक्के सवलत वजा जाता सुरुवातीचे व्याज सुमारे ९,००० रुपये. सात वर्षांच्या फेडीचा मुद्दलाचा हप्ता सुमारे १८,००० रुपये. देखभाल-दुरुस्ती ५,००० रुपये. एकूण ६८,००० रुपये.

खोलीत माल दहा दिवस राहतो असे धरले तर महिन्यात तीन वेळा भरता येते, म्हणजे ९० टन. किलोला खर्च पडला सुमारे ७५ पैसे. वीस किलोच्या कॅरेटला १५ रुपये. कॅरेटमागे पंधरा रुपये देऊन चार दिवस भावाची वाट पाहणे कोणालाही परवडेल.

पण हीच खोली एक तृतीयांशच भरली तर? विजेचे बिल थोडे घटेल, बाकी खर्च जागच्या जागी. मग किलोला सव्वादोन रुपये, कॅरेटला ४५ रुपये. टोमॅटो शंभर रुपये कॅरेट असताना ४५ रुपये भाडे कोण देणार? कोणी देत नाही. खोली आणखी रिकामी होते, उरलेल्यांवर खर्च आणखी चढतो, आणि एक दिवस कुलूप लागते.

सबंध लेखाचे सार या हिशेबात आहे. अनुदान ३५ टक्के की ५० टक्के, यावर आपण तासन् तास बोलतो. पण शीतगृह तरते की बुडते ते किती दिवस भरलेले राहते यावर. कारखान्याचेही तसेच नाही का? ऊस नसेल तर यंत्रे कितीही चांगली असोत, गाळप बसते.

आपल्याच भागातल्या एका कुटुंबाची हकीकत आम्हाला ठाऊक आहे. नाव देत नाही. दोघे भाऊ, जमीन पाच एकर. अनुदानाच्या भरवशावर त्यांनी एकट्याच्या नावावर कर्ज काढून खोली बांधली. स्वतःचा माल वर्षात दोन-अडीच महिने, एरवी खोली रिकामी. शेजारचे म्हणाले, "दादा, आम्ही आमचा माल नेहमीच्या व्यापाऱ्यालाच देतो, त्याची उचल घेतलेली आहे." त्यांचीही चूक नव्हती. हप्ते थकले आणि तारणात जमीन गुंतली. थोरल्या भावाने आम्हाला सांगितले ते असे: "मशीन कधी बंद पडलं नाही साहेब, मालच आला नाही." बांधण्याआधी शेजाऱ्यांना विचारले असते तर हे टळले असते.

मिळून केले तेच टिकले

मग लहान शेतकऱ्याने करावे काय? जे आपल्या आधीच्या पिढीने उसाच्या बाबतीत केले तेच. प्रवरानगरला १९५० साली पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भाग गोळा करीत होते आणि डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने पहिली काही वर्षे अध्यक्षपद सांभाळले. त्या कारखान्याच्या मागे पैसा तीन तऱ्हेचा होता: सभासदांचे भाग, सरकारचे भाग आणि कर्ज. पण त्याच्याही आधी एक गोष्ट होती. ऊस आपल्याच कारखान्याला घालायचा, हा सभासदांचा शब्द. तो शब्द नसता तर बाकीचा पैसा उभा राहिला नसता.

द्राक्षातही तेच घडले. १९९१ साली द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स उभी केली. कृषी पणन मंडळ आणि राष्ट्रीय सहकार विकास निगम यांच्यासारख्या संस्थांचे पाठबळ मिळाले. संस्थांनी आपापल्या ठिकाणी पूर्वशीतकरण आणि शीतगृहे चालविली, विक्री मात्र एकत्र केली. सुरुवातीला युरोपात माल नाकारलाही गेला. त्यातून प्रतवारी, वेळ आणि गारवा यांची शिस्त बसली.

अगदी जवळचे उदाहरण दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीचे. विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास सह्याद्री फार्म्सच्या शेतकरी उत्पादक कंपनीची सुरुवात केली. आधी द्राक्ष, मग इतर फळे, मग टोमॅटोवरील प्रक्रिया अशी ती वाढत गेली. २०२२ साली युरोपातल्या गुंतवणूकदारांनी त्यांच्या व्यवसायात ३१० कोटी रुपये घातले. ही बातमी आपल्याकडे फार गाजली. पण लोक एक गोष्ट विसरतात. हा बाहेरचा पैसा पहिल्या वर्षी आला नाही. दहा-बारा वर्षे माल दिला, हिशेब दाखविला, तेव्हा आला.

आपल्याला एवढे मोठे व्हायचे नसेल तरी रस्ता हाच आहे. संस्था दोन तऱ्हेने काढता येते: सहकारी कायद्याखाली सोसायटी, किंवा कंपनी कायद्याखाली उत्पादक कंपनी. कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद २००३ पासून अमलात आली. किमान दहा उत्पादक मिळून ती स्थापन करता येते. केंद्राने २०२० साली आखलेल्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत, सभासदाने जितके भाग भांडवल घातले तितकेच, माणशी २,००० रुपयांपर्यंत आणि संस्थेला १५ लाखांपर्यंत, सरकारने घालण्याची तरतूद आहे. सपाटीच्या भागात त्यासाठी किमान ३०० सभासद लागतात. तीनशे जणांनी दोन-दोन हजार घातले तर सहा लाख, आणि सरकारचे सहा लाख. शीतखोलीचा स्वतःचा हिस्सा असा उभा राहतो. कोणा एकाच्या सात-बाऱ्यावर बोजा चढविण्याची पाळी येत नाही.

अर्जाआधी करावयाची कामे

पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात. क्रम चुकला की पैसा अडकतो.

१. वर्षभराची वही ठेवावी. प्रत्येक घराने कोणता माल, कोणत्या तारखेला, किती कॅरेट, कोणत्या बाजारात, काय भावाने दिला आणि किती फेकला, हे लिहावे. पन्नास घरांच्या वह्या एकत्र केल्या की खोली किती टनांची हवी, कोणत्या तापमानाची हवी आणि वर्षातले किती महिने भरेल, हे आपोआप कळते. बँकेच्या साहेबाला याहून चांगला पुरावा नको.

२. माल देण्याचे लेखी वचन घ्यावे. किती कॅरेट देणार, ते प्रत्येकाने सहीने सांगावे.

३. जागा पाहावी. संस्थेच्या नावावर किंवा नोंदणी केलेल्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने असावी. सात-बारा आठ-दहा जणांच्या सामाईक नावावर असेल तर सर्वांच्या सह्या आधी घ्याव्यात. काका पुण्याला, आत्या सुरतेला, अशी स्थिती असली की सहीपायी वर्ष जाते. रस्ता बारमाही हवा.

४. वीज जोडणीची चौकशी महावितरणकडे आधी करावी. तीन फेज वीज किती तास मिळते, रोहित्र किती दूर आहे, जनरेटर लागेल का, हे ठरल्याशिवाय प्रकल्प अहवाल करू नये.

५. मग प्रकल्प अहवाल, मग बँकेची कर्ज मंजुरी, मग अनुदानाचा अर्ज आणि पूर्वसंमती. पूर्वसंमतीच्या आधी पाया खणू नये. "मुहूर्त चांगला होता" म्हणून नारळ फोडला आणि अनुदान गेले, असे होऊ नये.

६. खोली सुरू झाल्यावर कॅरेटमागे ठरलेली रक्कम दुरुस्ती निधी म्हणून पट्टीतूनच कापावी. उसाच्या बिलातली कपात आपल्याला रुचत नाही, हे आम्ही जाणून आहोत. पण त्या कपातीवरच संस्था उभी राहते, हेही आपण जाणता.

कर्जाशिवायचा गारवा

ज्यांना आज एवढी उडी घेता येत नाही त्यांनी हात बांधून बसू नये. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात एक साधा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंच वाळू, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली ठेवायची, वर वाळ्याचे किंवा गवताचे झाकण. वीज लागत नाही. कोरड्या उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी उतरते, आणि शंभरेक किलो भाजी काही दिवस ताजी राहते. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने त्याचा फारसा उपयोग होत नाही. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच कारण इथे. सकाळी लवकर तोडणी करणे, कॅरेट बांधावर उन्हात न ठेवता सावलीत ठेवणे, गाडीवर ओले गोणपाट टाकणे यांना तर एक पैसाही लागत नाही. घरातल्या बायाबापड्यांना हे आधीच ठाऊक असते. जुडी ओल्या फडक्यात त्याच बांधतात. तेव्हा सभा बोलवाल तेव्हा त्यांना मागे बसवू नका. मालाची खरी नोंद त्यांच्याच तोंडी असते.

शेवटी

सभासद बंधु-भगिनींनो, शीतगृहाला आमचा विरोध नाही. उलट ते व्हावे, आपल्याच शिवारात व्हावे आणि लहान शेतकऱ्याच्या मालकीचे व्हावे, असे आम्हाला मनापासून वाटते. पण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? माल, माणसे आणि हिशेब आडात असले तर अनुदान, कर्ज, सवलत हे पोहऱ्यात येते.

म्हणून एवढेच करा. येत्या हंगामात आपापल्या गटातल्या दहा घरांनी भाजीच्या वह्या सुरू कराव्यात. वही साधी, शाळेतली चालेल. हंगाम संपला की त्या घेऊन शेतकी खात्यात यावे. आम्ही बसून आकडे एकत्र करू आणि खोली किती टनांची हवी, की मुळात हवीच का, ते तुमच्यासमोर मांडू. आकडे "नको" म्हणाले तर तेही स्पष्ट सांगू. जमीन गेल्यावर कळण्यापेक्षा वहीत कळलेले बरे.